पायलट आणि मेंटेनन्सवाले: नवी मुंबई विमानतळावर नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी थट्टामस्करीची रीत

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. उलवे, पनवेल, कामोठे, उरण या पट्ट्यातली माझ्या ओळखीची बरीच मुलंमुली आता रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या आवारात (यालाच एप्रनही म्हणतात), कामाला लागली आहेत किंवा लागण्याच्या तयारीत आहेत. कोणी टेक्निशियन आहे, कोणी एएमईचा, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरचा, कोर्स संपवून लायसन्सच्या परीक्षा देतंय, एखादी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने येणारी ट्रेनी आहे, तर कोणी नुकताच खांद्यावर पट्ट्या चढवलेला को-पायलट. मॅन्युअल कसं वाचायचं, टॉर्क रेंच कसा धरायचा, हे शिकवणारे त्यांना भेटतात. पण पायलट आणि मेंटेनन्सवाले दिवसभर एकमेकांची जी फिरकी घेत असतात, ती ओळखायची कशी, तिच्यात सामील कधी व्हायचं आणि तोंड कुठे मिटून घ्यायचं, हे कोणत्याच वर्गात येत नाही. म्हणून हा लेख.

जुन्या विमानतळांवर ही थट्टा वर्षानुवर्षं मुरलेली असते. कोणत्या कॅप्टनला काय म्हटलेलं चालतं आणि कोणत्या इंजिनिअरसमोर कोणता विषय काढायचा नाही, हे नव्या माणसाला सिनियर हळूच सांगून ठेवतात. इथे विमानतळच नवा. माणसं वेगवेगळ्या स्टेशनांवरून आलेली, एकमेकांना अजून पुरती न ओळखणारी. आज जी सवय लागेल तीच पुढे इथली रीत होणार, त्यामुळे तुमच्यावर जरा जास्त जबाबदारी आहे.

माझी कसोटी साधी आहे. ज्या थट्टेनंतर समोरचा माणूस बारीकसारीक तक्रारही मोकळेपणाने सांगतो, ती थट्टा चांगली. जिच्यानंतर तो "जाऊ दे, उगाच हसतील" असं म्हणून गप्प बसतो, ती वाईट, मग सगळा बे, म्हणजे विमान उभं राहतं त्या जागेवरचे सगळे, खो-खो हसले असले तरी.

पायरी १: दोघं विमानाकडे कुठून बघतात ते समजून घ्या

या दोन जमातींमधले निम्मे विनोद एकाच गोष्टीतून जन्मतात. पायलट बिघाड हवेत अनुभवतो, इंजिनिअर तो जमिनीवर शोधतो. ३५,००० फुटांवर बाहेरचं तापमान उणे ५४ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. तेच विमान मे महिन्यात आपल्याकडे उतरलं की ३५ अंशांच्या दमट हवेत उभं राहतं. म्हणजे जवळजवळ नव्वद अंशांचा फरक. वर थंडीने आक्रसलेलं सील, केबिनमधल्या दाबामुळे किंचित ताणलेला दरवाजा, गार पडलेला सेन्सर, हे सगळं खाली येईपर्यंत पूर्ववत होतं. पायलट सांगतो, "तासभर शिट्टी वाजत होती." टेक्निशियन दरवाजाला कान लावून उभा राहतो आणि काहीच ऐकू येत नाही.

दोघंही खरं बोलत असतात. तरी पायलटच्या मनात येतं की यांनी नीट बघितलंच नाही, आणि मेंटेनन्सवाल्याच्या मनात येतं की यांना उगाच भास होतात. थट्टा या फटीत शिरते. ती कुठून येते हे कळलं की ती मनाला लागत नाही.

याच्या जोडीला वेळेची ओढाताण असते. विमान उतरून पुन्हा उडेपर्यंत पाऊण तासही नसतो. तेवढ्यात इंधन, सामान, सफाई, प्रवासी आणि तपासणी, सगळं उरकायचं असतं. पायलटला वेळेवर निघायचं असतं आणि इंजिनिअरला सही करायची असते. ती सही त्याच्या स्वतःच्या लायसन्सवर असते. विमान उड्डाणाला योग्य आहे असं तो लिहून देतो, म्हणजे पुढे काही झालं तर पहिला प्रश्न त्यालाच विचारला जाणार. हे ध्यानात ठेवलं तर "साहेब, सही करायला मुहूर्त बघताय का?" हे वाक्य कधी चालेल आणि कधी अंगलट येईल, याचा अंदाज तुमचा तुम्हालाच येईल.

पायरी २: टेकलॉग वाचायला शिका, आणि त्यात विनोद लिहू नका

बिघाडाला आपल्याकडे सगळे स्नॅग म्हणतात. पायलट स्नॅग टेकलॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, लिहितो, इंजिनिअर त्याच्यासमोर काय केलं ते लिहून सही करतो. एकाच पानावर तक्रार आणि उत्तर समोरासमोर येतात. म्हणून या धंद्यातले सगळ्यात गाजलेले विनोद याच साच्यातले आहेत. इंग्रजीतली एक जुनी यादी जगभर फिरते. तिच्यात पायलट लिहितो, "डाव्या बाजूचं आतलं चाक जवळजवळ बदलायला झालंय", आणि खालून उत्तर येतं, "चाक जवळजवळ बदललं." हीच यादी कधी एका एअरलाइनच्या नावाने येते, कधी दुसरीच्या, कधी हवाई दलाच्या. तुम्हालाही ती कोणीतरी पाठवेल आणि "हे खरं आहे" असं छातीठोकपणे सांगेल. हसा आणि पुढे जा.

आपल्या मंडळींनीही या साच्यात स्वतःची भर घातली आहे. चहाच्या टपरीवर ऐकू येणारे काही नमुने:

तक्रार: "उजव्या सीटमागे रात्रभर टकटक." उत्तर: "टकटक करणारी पाण्याची बाटली सीटमागून काढली. बाटली वैमानिकाची."

तक्रार: "कॉकपिटमध्ये डास." उत्तर: "डासांना खाली उतरवलं. बोर्डिंग पास नव्हता."

तक्रार: "कॉफी मेकरमधून गार पाणी येतं." उत्तर: "चहा सांगितलाय."

विमानतळाला खाडी आणि खारफुटीचा शेजार आहे, त्यामुळे डासांचा विनोद इथे दर पावसाळ्यात नव्याने जन्म घेणार. हे सगळं तोंडी चालतं, टपरीवर शोभतं. खऱ्या टेकलॉगमध्ये मात्र यातला एक शब्दही जाता कामा नये. ती वही कायदेशीर दस्तऐवज आहे. डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक नियामकाचा, तपासनीस ती बघू शकतो, अपघाताची चौकशी करणारे बघतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढच्या स्टेशनवरचा अनोळखी इंजिनिअर रात्री तीन वाजता त्याच ओळीवर विसंबून निर्णय घेतो. त्याला तुमचा स्वभाव माहीत नसतो. त्याला फक्त ओळ दिसते.

नव्या को-पायलटसाठी यात एक कामाची गोष्ट आहे. मेंटेनन्सवाले सगळ्यात जास्त चेष्टा करतात ती मोघम स्नॅगची. "इंजिनमध्ये व्हायब्रेशन वाटतं" असं लिहिलंत तर "वाटतं" हा शब्द आठवडाभर तुमच्या मागे लागेल. त्याऐवजी कोणतं इंजिन, कोणती उंची, पॉवर किती होती, किती मिनिटं जाणवलं, थ्रॉटल मागे घेतल्यावर थांबलं का, स्क्रीनवर कोणता मेसेज आला, हे लिहा. असं लिहिणाऱ्या पायलटचं नाव क्रू रूममध्ये आदराने घेतलं जातं. त्याची थट्टाही होते, पण मायेने.

टेक्निशियन मित्रांनो, तुमच्याकडचं चिडवलं जाणारं वाक्यही ठरलेलं आहे: "जमिनीवर तपासलं, ठीक आढळलं." कधीकधी ते अगदी खरं असतं, दुसरं लिहिण्यासारखं काही सापडलेलंच नसतं. पण काय तपासलं ते लिहिल्याशिवाय नुसतं एवढंच लिहून सोडून दिलंत, तर पायलटला वाटतं की आपली तक्रार केराच्या टोपलीत गेली. कोणती टेस्ट केली, कोणता कनेक्टर काढून साफ करून बसवला, मॅन्युअलचा कोणता टास्क वापरला, हे लिहा. चेष्टा आपोआप थांबते.

एमईएलवरून, म्हणजे काय बंद असलं तरी उडता येतं त्या यादीवरून, होणाऱ्या चेष्टाही तुमच्या कानावर पडतील. एखादी वस्तू बंद असूनही ठरावीक अटींवर विमान उडू शकतं, तेव्हा तो स्नॅग पुढे ढकलला जातो आणि त्याला मुदत मिळते. बी वर्गाला ३ दिवस, सी वर्गाला १० दिवस, डी वर्गाला १२० दिवस, आणि बिघाड सापडला तो दिवस त्यात धरत नाहीत. ए वर्गाची मुदत त्या त्या वस्तूपुढेच लिहिलेली असते. सी वर्गातला स्नॅग नवव्या दिवशीही तसाच असला की पायलट विचारतो, "पाहुणा अजून गेला नाही वाटतं?" अशा वेळी हसून सोडून देऊ नका. पार्ट कुठे अडकलाय ते सांगा. त्याने विनोदात विचारलेला प्रश्न खरा प्रश्न असतो.

पायरी ३: तुमची फिरकी घेतली जाईल, तिला उत्तर तयार ठेवा

नव्या पोराला स्टोअरमध्ये नसलेली वस्तू आणायला पाठवणं ही जगभरच्या विमानतळांवरची जुनी रीत आहे. सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे बादलीभर प्रॉप वॉश. प्रॉप वॉश म्हणजे पंख्याने मागे फेकलेली हवा. ती बादलीत भरून आणायची. तुम्हाला कदाचित डावखुऱ्यांचा पाना आणायला सांगतील, किंवा रडारच्या लाटा पुसायचं फडकं.

यावर सगळ्यात चांगलं उत्तर मी एका उरणच्या मुलाकडून ऐकलं. तो शांतपणे म्हणाला, "आणतो ना दादा, फक्त पार्ट नंबर लिहून द्या." विमानात बसणारी कोणतीही वस्तू पार्ट नंबरशिवाय स्टोअरमधून मिळत नाही. त्यामुळे हे उत्तर हजरजबाबी तर आहेच, कामाच्या दृष्टीनेही बरोबर आहे. सिनियर हसला आणि त्या दिवसापासून पोराला कामावर घेऊन फिरू लागला.

सिनियर मंडळींना इथे मी स्पष्ट सांगतो. असल्या खोट्या कामासाठी नव्या माणसाला बे सोडून एप्रनवर पाठवू नका. कोणत्या विमानाचा बीकन लाल चमकतोय, म्हणजे कोणतं इंजिन चालू आहे किंवा होणार आहे, हे बघायची नजर पहिल्या दिवशी नसते. जागेवर, कमी वेगात फिरणाऱ्या इंजिनसमोरचा काही मीटरचा पट्टा माणसाला आत ओढू शकतो आणि मागचा झोत उडवून लावू शकतो. गोंधळलेला, घाईत असलेला, सगळे आपल्याकडे बघून हसताहेत या विचारात गुंग झालेला पोरगा तिथून चालत जाणार. मस्करी करायचीच तर स्टोअरच्या खिडकीपाशी करा.

अवजारं लपवणं हीसुद्धा मस्करी समजू नका. शिफ्ट संपताना प्रत्येक पाना आपल्या खाचेत परत दिसला पाहिजे, आणि एक जरी सापडला नाही तर ज्या विमानावर काम झालं ते सोडता येत नाही. गंमत म्हणून खिशात घातलेला दहा नंबरचा पाना अख्खं उड्डाण थांबवू शकतो.

पायरी ४: हेडसेट कानाला लावला की मस्करी बंद

पुशबॅकच्या वेळी खाली उभा असलेला माणूस आणि कॉकपिट यांच्यात एका वायरीवरून बोलणं चालतं. पार्किंग ब्रेक सोडला, ब्रेक लावला, ढकलायला सुरुवात, इंजिन सुरू करायला मोकळं आहे. शब्द ठरलेले असतात आणि प्रत्येकाला ठरलेलं उत्तर असतं. भोवती ट्रॅक्टरची घरघर, एपीयूचा, म्हणजे शेपटीतल्या छोट्या सहायक इंजिनाचा, आवाज, पावसाळ्यात टोपीवरून कानात शिरणारं पाणी. यात "सोडला" आणि "लावला" यांच्यामध्ये एक विनोदी शब्द घुसला तर समोरच्याने काय ऐकलं याची खात्री उरत नाही, आणि ब्रेक लावलेला असताना ट्रॅक्टरने जोर दिला की पुढच्या चाकाच्या जोडणीवर आघात होतो. आणखी एक गोष्ट, वायरीवरून कॉकपिटमध्ये पोचलेलं बोलणं व्हॉइस रेकॉर्डरवर जातं.

पायलटांसाठी याच विचाराचा नियम अमेरिकेत १९८१ मध्ये आला. १०,००० फुटांखाली, टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, आणि उड्डाण व उतरण्याच्या वेळी कामाशिवाय काही बोलायचं नाही. जगभर तो स्वीकारला गेला आहे. खाली उभं राहणाऱ्यांनी तोच नियम स्वतःला लावून घ्यावा असं माझं मत आहे: चॉक्स, म्हणजे चाकांना लावलेले अडसर, काढल्यापासून हेडसेटची वायर काढून घेईपर्यंत एकही वाक्य गमतीचं नको.

वायर काढली, बाजूला आलात आणि स्टिअरिंगची बायपास पिन (ढकलताना पुढच्या चाकाचं स्टिअरिंग बंद ठेवणारी) तिच्या लाल पट्टीसकट हात उंच करून पायलटला दाखवलीत, त्याने अंगठा दाखवला, की मग हात हलवा. लहान मुलं खिडकीतून परत हात हलवतात. पायलटही हलवतात. काही को-पायलट मिश्कीलपणे सलाम ठोकतात. तो क्षण मजेचा आहे आणि तो कोणी तुमच्याकडून काढून घेऊ नये. पण पिन आधी, हात नंतर.

पायरी ५: कुठे बोलायचं आणि कसं बोलायचं

चांगली वेळ म्हणजे विमान आलं, चॉक्स लागले, इंजिनं थांबली आणि प्रवासी उतरताहेत, तेव्हा. इंजिनिअर वर कॉकपिटमध्ये येतो, टेकलॉग हातात घेतो. ही भेट दोन-चार मिनिटांचीच असते आणि ओळखी तिथेच होतात.

एका रात्रीचं बोलणं सांगतो. को-पायलट म्हणाली, "दादा, तो एसी परत ओरडतोय." टेक्निशियनने उत्तर दिलं, "मॅडम, इथे उतरला की तो गप्प बसतो. त्याचं मन तुमच्याजवळच मोकळं होतं." कॅप्टनही हसले. लगेच पुढचं वाक्य आलं: "कोणता पॅक, कोणत्या उंचीला सुरू झालं, आणि पॅक बंद करून बघितला का?" (पॅक म्हणजे एसीचं यंत्र.) तिने तिन्हींची उत्तरं दिली. त्या उत्तरांवरून कुठे शोधायचं ते निम्मं ठरलं.

यातून एक सवय उचला. विनोदाच्या पाठोपाठ लगेच कामाचा प्रश्न विचारा. तुम्ही ऐकलंय आणि मनावर घेतलंय, हे समोरच्याला त्या प्रश्नातून कळतं. नुसता विनोद करून जिना उतरलात तर तो माणूस पुढच्या वेळी एसीबद्दल बोलणार नाही.

थट्टेचा रोख वस्तूवर ठेवा, माणसावर नाही. "सीट तपासली, सरळ आहे, आता कॅप्टन तपासायचे बाकी" हे वाक्य मी ऐकलं आहे आणि आजूबाजूचे हसलेही होते. पण सीटची तक्रार पाठदुखीतून आलेली असू शकते, आणि सलग लांबच्या सेक्टरांनंतर ती खरीच असते. असं बोलणं जुन्या मित्रांत चालतं. नव्या माणसाने करू नये.

संबोधनाचंही तसंच. कॅप्टनला "कॅप्टन", "सर" किंवा "मॅडम" म्हणा, को-पायलट तुमच्याहून वयाने लहान असला तरी सुरुवात अहो-जाहोने करा. पायलटांनी सिनियर टेक्निशियनला नुसतं "बॉस" किंवा "ए भाई" न म्हणता "दादा" किंवा आडनावापुढे "साहेब" म्हणावं. पट्ट्या खांद्यावर असोत वा नसोत, वीस वर्षं विमानाखाली काढलेल्या माणसाचा मान वेगळा. बऱ्याच क्रूंचं बोलणं हिंदी-इंग्रजीत चालतं, त्यामुळे मराठी कोटी त्यांच्या डोक्यावरून जाते आणि आपण आपल्यात हसतो. समोरच्याला वाटतं आपल्यालाच हसताहेत. कोटी केलीत तर तिचा अर्थही सांगा.

पायरी ६: काही विषयांना हात लावू नका

बॉम्ब, अपहरण, घातपात: विमानतळाच्या हद्दीत या शब्दांचा विनोद होत नाही, गुन्हा होतो. दारूचंही तसंच. पायलटांची उड्डाणाआधी श्वासचाचणी होते, मेंटेनन्सच्या लोकांचीही घेतली जाते, आणि "काल जास्त झाली वाटतं" हे दरवाजाजवळच्या प्रवाशाने ऐकलं तर त्यावर खुलासा देत बसावं लागेल. प्रवाशांच्या कानावर पडेल अशा जागी बिघाडाचा कोणताच विनोद नको. उड्डाणाला घाबरणारा माणूस पहिल्या रांगेत बसलेला असतो.

भारतात महिला वैमानिकांचं प्रमाण जगाच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त आहे. "मॅडमने पार्क केलंय का?" या जातीचे विनोद शिळे आहेत आणि अपमानकारक आहेत. कोणी केला तर हसू नका. तेवढ्यानेही तो विझतो.

बोलीचंही सांगतो, कारण हा प्रश्न आपल्या भागाचा आहे. विमानतळासाठी ज्यांची गावं उठली त्या घरांतली आगरी-कोळी मुलं इथे काम करतात. त्यांनी आपल्या बोलीत एकमेकांची खेचली तर ऐकणाऱ्याचाही दिवस चांगला जातो. बाहेरून आलेल्याने त्यांच्या बोलण्याची नक्कल करणं ही निराळी गोष्ट. ज्या जमिनीवर आपण उभे आहोत ती कोणाची होती, हे आठवलं तर नक्कल तोंडातच विरते.

पायरी ७: हसत सांगितलेलं खरं ओळखा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे अवघड गोष्ट सरळ सांगायची पद्धत कमी. माणूस ती हसण्यावारी नेऊन सांगतो. नाइट शिफ्टचा टेक्निशियन पहाटे चारला म्हणतो, "आता मी बोल्टलाच गुड मॉर्निंग म्हणणार." म्हणजे त्याचे डोळे मिटताहेत. को-पायलट म्हणतो, "हे विमान आज माझ्यावर रुसलंय." म्हणजे त्याला काहीतरी खटकलंय, पण लिहिण्याइतकी खात्री नाही. ट्रेनी म्हणतो, "एवढा सोपा पॅनल, माझ्याकडून एक स्क्रू उरलाच पाहिजे ना?" थांबा. स्क्रू मोजा.

१९९३ साली कॅनडाच्या वाहतूक खात्यात गॉर्डन ड्युपाँट यांनी मेंटेनन्समधल्या चुकांमागची बारा कारणं मांडली. तुमच्या ह्युमन फॅक्टर्सच्या वर्गात ती "डर्टी डझन" म्हणून येतात. थकवा त्यात आहे, दडपण आहे, संवादाचा अभाव आहे, आणि ठामपणे न बोलणं हेही आहे. चेष्टेच्या वातावरणात यातल्या शेवटच्यावर नीट लक्ष ठेवावं लागतं.

१० जून १९९० ची घटना बघा. बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० क्रमांकाच्या उड्डाणात कॉकपिटची डावी काच वर असताना उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. केबिन क्रूने त्यांना धरून ठेवलं, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं आणि कॅप्टन वाचले. उड्डाणाआधी ती काच बदलली होती. ९० पैकी ८४ बोल्ट व्यासाने किंचित बारीक निघाले, उरलेले ६ लांबीला कमी. चौकशी अहवालात एक तपशील आहे: स्टोअरमधल्या अनुभवी माणसाने काच बदलणाऱ्याला सांगितलं होतं की या काचेला दुसरा बोल्ट लागतो. पण त्याने तो मुद्दा लावून धरला नाही.

लावून न धरलेला एक शब्द. त्या रात्री तिथे कोणी कोणाची चेष्टा केली होती असं मी म्हणत नाही. पण आपल्या स्टोअरच्या खिडकीतल्या माणसाला आपण रोज "चला, प्रोफेसर बोलले" म्हणून उडवून लावत असलो, तर तोही एक दिवस मुद्दा लावून धरणार नाही. म्हणून जो माणूस सारखा शंका काढतो, त्याच्या शंका काढण्याची थट्टा कधीही करू नका. त्याच्या टिफिनची करा, त्याच्या क्रिकेट टीमची करा.

आणि कोणी हसत काही सांगितलं तर एकदा सरळ विचारा: "मस्करी बाजूला, खरंच काही आहे का?" बहुतेक वेळा उत्तर "नाही रे" येतं. एखाद्या वेळी येत नाही.

पायरी ८: थट्टा लागली तर

शिफ्ट संपायच्या आत सांगा: "मघाशी जरा जास्त बोललो, मनात ठेवू नका." एवढं पुरे. त्याहून चांगली भरपाई म्हणजे ज्या स्नॅगवरून थट्टा केली होती त्याचं पुढे काय झालं ते त्या पायलटपर्यंत पोचवणं. पायलट तक्रार लिहून निघून जातो, दुसऱ्या दिवशी दुसरंच विमान उडवतो, आणि आपली तक्रार खरी निघाली की नाही हे त्याला कळतही नाही. "तुम्ही म्हणालात ती शिट्टी, दरवाजाच्या सीलला चीर होती, बदललं" हे एक वाक्य त्याच्या कानावर गेलं की तो पुढची तक्रार जास्त नेमकी लिहितो.

खंडेनवमीला काय करायचं

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, अवजारांची पूजा होते. पाने, टॉर्क रेंच, टो ट्रॅक्टर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. त्या दिवशी क्रूला आवर्जून बोलवा. वर्षभर एकमेकांना चिडवणारी माणसं त्या दिवशी एकाच ताटातला पेढा खातात, आणि नव्यांना सगळ्यांशी ओळख करून घ्यायला याहून चांगला दिवस नाही. पूजा आत खोलीत करा. पाकळी, तांदळाचा दाणा, नाणं, दोरा, सगळं एप्रनवर गेलं की एफओडी, म्हणजे इंजिनात ओढला जाऊ शकणारा कचरा. आरतीनंतर आधी झाडून घ्या, मग पूजेला मांडलेली अवजारं एकेक करून जागेवर लावा आणि मोजा. त्या दिवशी मोजणी एखादा पाना कमी दाखवते, आणि तो बहुधा फुलांखाली सापडतो.

ग्रुपवर टाकण्याआधी

टेकलॉगच्या पानाचा फोटो काढून "बघा काय लिहिलंय" म्हणून ग्रुपवर टाकण्याचा मोह होईल. टाकू नका. पानावर विमानाचं रजिस्ट्रेशन असतं, पायलटची सही असते, इंजिनिअरचा लायसन्स नंबर असतो, आणि ग्रुपमधून ते बाहेर कुठे जाईल यावर तुमचा ताबा नसतो. त्याहून मोठं नुकसान असं की आपलं लिहिलेलं हसण्यासाठी फिरतं हे एकदा कळलं की पायलट वहीत कमी लिहितो आणि कॉकपिटमध्ये तोंडी सांगून जातो. तोंडी सांगितलेला स्नॅग शिफ्ट बदलली की हरवतो.

नव्या को-पायलटांना एक सांगणं राहिलं. वॉकअराउंडसाठी खाली उतराल तेव्हा विमानाभोवती फेरी मारून तडक वर जाऊ नका. चाकाशी वाकलेल्या माणसाला नाव विचारा, आज किती विमानं झाली ते विचारा, ब्रेक किती झिजलाय ते दाखवणाऱ्या पिनकडे बोट दाखवून "अजून किती लँडिंग निघतील?" असं विचारा. तो आनंदाने दाखवेल. पुढच्या वेळी नावाने हाक मारा, मग तो तुम्हाला चिडवायला सुरुवात करेल.